चीक, चायना ग्रास आणि कचऱ्याची पिशवी

घरी प्लास्टिक करायला चार गोष्टी लागतात: कॉर्नफ्लोअर, पाणी, व्हिनेगर आणि ग्लिसरीन. पाचवी म्हणजे आईची परवानगी, आणि ती बाकी चारही गोष्टींपेक्षा महाग पडते. पहिल्या तीन वस्तू स्वयंपाकघरात असतातच, ग्लिसरीन मेडिकलच्या दुकानात मिळतं. एकूण खर्च एका पिझ्झाहून कमी, आणि वीकेंड मस्त जातो.

आता हा उद्योग कशासाठी? तर सोसायटीसाठी. आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला ओल्या कचऱ्याचे दोन खड्डे आहेत. खत होतं, ते बागेत जातं. मार्चच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी काकांनी प्रस्ताव मांडला की ओल्या कचऱ्यासाठी प्रत्येक घराला 'बायोडिग्रेडेबल' पिशव्या वाटायच्या. मक्यापासून केलेल्या. पिशवीसकट कचरा खड्ड्यात, बादली धुवायची कटकट नाही. वर्षाचा साठा एकदम घेतला तर डिस्काउंट. माहितीपत्रकावर एक हिरवं पान, त्याखाली '१०० टक्के बायोडिग्रेडेबल', आणि त्याखाली काहीच नाही. किती दिवसांत? कुठे? कुठल्या चाचणीनुसार? मी विचारलं. काका म्हणाले, "अरे, तू इंजिनिअर आहेस ना, मग तूच बघून सांग. जुलैच्या मीटिंगपर्यंत वेळ घे."

मी सॉफ्टवेअरवाला आहे हे सांगून काही उपयोग नसतो. सोसायटीत इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. लिफ्ट बंद पडली तरी आम्हालाच फोन येतो.

वाचून अर्धं कळतं. उरलेलं अर्धं कळावं म्हणून स्वतःच करून बघायचं ठरवलं. म्हटलं, पाच-सहा प्रकारचं प्लास्टिक घरी करू, त्या पिशवीच्या नमुन्याबरोबर सगळ्यांची परीक्षा घेऊ, मग बोलू.

सुरुवात स्टार्चपासून. दहा ग्रॅम कॉर्नफ्लोअर, साठ मिली पाणी, एक छोटा चमचा (म्हणजे पाच मिली) व्हिनेगर आणि तेवढंच ग्लिसरीन. सगळं गार पाण्यात कालवायचं, गुठळ्या मोडायच्या आणि मंद आचेवर ढवळत बसायचं. बराच वेळ काहीच होत नाही, ताकासारखं पांढरं पातळ दिसतं. मग एकदम घट्ट होतं आणि पांढरेपणा जाऊन आरपार दिसायला लागतं.

आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, हा तर चीक!"

बरोबर आहे. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो पांढरा साका खाली बसतो, तो गव्हाचा स्टार्चच. 'पारदर्शक झाला की शिजला' हे जे आईला नुसतं बघून कळतं, त्याला केमिस्ट्रीत जिलेटिनायझेशन म्हणतात. स्टार्चचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत. ६०-७० अंश सेल्सिअसच्या आसपास ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि आतल्या लांबलचक साखळ्या मोकळ्या होऊन एकमेकींत गुंततात. हा गुंता पातळ पसरून वाळवला की झाली फिल्म. कपड्यांना घालायची खळ तीच, कुरडई तीच आणि आपलं प्लास्टिकही तेच.

फरक फक्त ग्लिसरीनचा. नुसता चीक वाळवला तर कडक होतो, वाकवला की टचकन मोडतो. ग्लिसरीनचे छोटे रेणू साखळ्यांच्या मधे जाऊन बसतात, त्यामुळे साखळ्यांना एकमेकींना घट्ट धरून ठेवता येत नाही, त्या सरकत राहतात. म्हणून लवचिकपणा. पाणीसुद्धा हेच काम करतं, पण ते उडून जातं. ग्लिसरीन टिकतं. व्हिनेगरमधलं आम्ल काही साखळ्या तोडतं, त्याने मिश्रण जरा एकसारखं होतं.

स्टार्चचे तीन प्रकार केले: मका, बटाटा आणि साबुदाणा. बटाटे किसून, पाण्यात खळबळून, खाली बसलेला साका घेतला. साबुदाणा मिक्सरमधून काढला. स्टार्चमध्ये दोन जातीच्या साखळ्या असतात, सरळ असते ती अमायलोज आणि फांद्या फुटलेली ती अमायलोपेक्टिन. सरळ साखळ्या जास्त असल्या की फिल्म जरा दणकट होते. मक्यात अमायलोज सुमारे २५ टक्के, बटाट्यात २० च्या आसपास, आणि टॅपिओकात, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्यात, त्याहून थोडं कमी. माझ्या ताटांमध्येही साधारण तसंच दिसलं. मक्याची फिल्म धुरकट पण घट्ट, बटाट्याची सगळ्यात स्वच्छ आणि साबुदाण्याची मऊ, जराशी चिकट.

वाळत घातलं कशावर? आईच्या पापडाच्या प्लास्टिकवर. दुसरं काही चालेना, स्टीलच्या ताटाला फिल्म चिकटून बसायची. प्लास्टिकला पर्याय शोधायला प्लास्टिकच लागलं, यावर घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही :-)

आमच्या धंद्यातली एक सवय इथे उपयोगी पडली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्टार्च, पाणी, व्हिनेगर तेच ठेवलं आणि ग्लिसरीन दोन, पाच, आठ मिली असं बदललं. दोन मिलीची फिल्म वाळताना तडकली. आठ मिलीची हाताला ओलसर लागायची, घडी घातली तर उलगडेना. पाच मिलीची बरी. पण ही 'बरी' फिल्म एप्रिलमधली. तीच कृती, तीच मापं घेऊन जूनच्या शेवटी केली, तर चार दिवस वाळेना आणि पाचव्या दिवशी कडेला बुरशी. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा. एकच पदार्थ एप्रिलमध्ये पापड आणि जुलैत पोळी. शिवाय एप्रिलमधली जुनी फिल्म जपून ठेवली होती, ती महिन्याभरात आपोआप कडक होत गेली. शिळी भाकरी कडक होते तेच कारण, मोकळ्या झालेल्या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींना चिकटतात.

म्हणजे कोणी 'आमच्या मक्याच्या प्लास्टिकची ताकद इतकी' असं सांगितलं, तर आधी विचारायचं, कुठल्या महिन्यात मोजली?

पुढचे तीन पदार्थ स्टार्चचे नाहीत. चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळापासून निघणारं आगर: चार ग्रॅम, दोनशे मिली पाणी, तीन मिली ग्लिसरीन, उकळून ओतायचं. ताटात बोटभर जाडीचा जेलीचा थर असतो, तो वाळून सेलोफेनसारखा पातळ होतो, कारण बहुतेक सगळं पाणीच होतं. दुसरं जिलेटिन. हे जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात हे आईला माहीत होतं, "ते माझ्या पातेल्यात नाही हं" असा थेट निकाल आला, त्यामुळे तो प्रयोग एका मित्राच्या फ्लॅटवर झाला. बारा ग्रॅम जिलेटिन, साठ मिली पाणी, तीन मिली ग्लिसरीन. दिसायला हे सगळ्यात 'खरं' प्लास्टिक. काचेसारखं स्वच्छ, वाकवलं की वाकणारं, सहजासहजी न फाटणारं.

तिसरं दूध. पाव लिटर साय काढलेलं दूध गरम करून त्यात वीस मिली व्हिनेगर घातलं की फाटतं. गाळून, पिळून, साच्यात दाबून वाळवायचं. पनीरच, फक्त खायच्या ऐवजी वाळवलेलं. दुधातली बरीचशी प्रथिनं म्हणजे केसीन, आणि वाळलेलं केसीन चांगलंच टणक होतं. मी बटणं केली. पाव लिटर दुधात प्रथिनं साधारण आठ ग्रॅम, त्यात चार-पाच मोठी बटणं झाली. दुधाचा भाव लावून आईने प्रत्येक बटणाची किंमत काढली, आणि ही माझ्या शर्टापेक्षा महाग आहेत असं जाहीर केलं.

पण गंमत म्हणजे हा धंदा खरोखर चालला होता. जर्मनीत विल्हेल्म क्रिशे आणि अडॉल्फ स्पिटेलर यांनी १८९९ मध्ये केसीनच्या प्लास्टिकचं पेटंट घेतलं. नाव 'गॅलॅलिथ', ग्रीकमध्ये गाला म्हणजे दूध आणि लिथॉस म्हणजे दगड. दुधाचा दगड! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात त्याची बटणं, कंगवे, पेनं, दागिने सर्रास होते. त्यांची युक्ती एवढीच की घडवलेलं केसीन फॉर्माल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवायचं. त्याने प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात, आणि पदार्थ कडक होतो, पाणीही कमी पितो. (हे घरी करू नका. फॉर्माल्डिहाइड विषारी आहे.) ती बटणं आजही जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे सापडतात. दुधाची बटणं, आणि शंभर वर्षं झाली तरी जशीच्या तशी.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता परीक्षा. सारख्या मापाच्या पट्ट्या कापल्या. सहा माझ्या, एक साध्या पॉलिथिनची आणि एक त्या विक्रेत्याच्या नमुन्याच्या पिशवीची. दोन पेपर: पाणी आणि माती.

पाण्यात स्टार्चच्या तिन्ही पट्ट्या तासाभरात लुळ्या पडल्या, सकाळपर्यंत शेंबडासारख्या झाल्या. जिलेटिन गार पाण्यात नुसतं फुगलं, पण कोमट पाण्यात टाकल्यावर बघता बघता नाहीसं झालं. आगर फुगलं तरी अख्खं राहिलं, कारण ते विरघळायला जवळजवळ उकळतं पाणी लागतं. केसीन फुगून मऊ झालं, पण आकार धरून होतं. पॉलिथिनला काहीच झालं नाही. आणि नमुन्याच्या पिशवीलाही काहीच झालं नाही.

मातीसाठी एक मोठी कुंडी घेतली, बागेतली माती, रोज पाणी. दर रविवारी उकरून बघायचं. सगळ्यात आधी जिलेटिन गेलं, जाताना वास सोडून गेलं. तिसऱ्या रविवारी स्टार्चचं काही सापडलं नाही. आगरचे तुकडे तुकडे झाले होते. केसीनवर बुरशीची लव आली होती, कडा झिजल्या होत्या, तरी तुकडा शिल्लक होता. सहा आठवड्यांनंतर पॉलिथिनची पट्टी धुतली, आणि नमुन्याची पट्टी धुतली. दोन्ही शेजारी ठेवल्या, तर कुठली कुठली हे मला खूण बघूनच सांगता आलं.

दोन्ही पेपरांचे निकाल शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं की जवळजवळ तीच यादी आहे, फक्त उलटी. जे पाण्यात आधी हरलं ते मातीत आधी गेलं. आणि हा योगायोग नाही. कुजणं म्हणजे काय? जंतू आणि बुरशी ओलीच्या आधाराने पदार्थापर्यंत पोचतात, त्यांची एन्झाइम्स पाण्यातूनच साखळ्या तोडतात. ज्या पदार्थात पाणी शिरत नाही, त्यात त्यांनाही सहज शिरता येत नाही. पिशवीकडून आपली मागणी अशी की उसळीचं पाणी, आंब्याच्या साली, चहाचा चोथा दोन दिवस धरून ठेव, गळू नकोस. आणि तिसऱ्या दिवशी खड्ड्यात गेलीस की लगेच विरघळून जा. एकाच पदार्थाला एकदम दोन उलट ऑर्डरी. गॅलॅलिथवाल्यांनी पहिली ऑर्डर पुरी केली, म्हणून बटणं शंभर वर्षं टिकली. माझ्या साबुदाण्याच्या फिल्मने दुसरी पुरी केली, पण तिच्यात कोणी कचरा टाकू शकणार नाही.

कारखाने यातून वाट काढतात ती तापमानाने. उदाहरणार्थ पीएलए. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आंबवून काढतात (दह्याला आंबट करणारं आम्ल तेच), आणि त्याच्या साखळ्या जोडतात. हे पाण्याला चांगलं टिकतं. पण ५५-६० अंशांच्या आसपास त्याच्या साखळ्या सैल पडतात, आणि ओल असली की मग पाणी त्यांना तोडू लागतं, तुकडे पुरेसे लहान झाले की जंतू खातात. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या ढिगात इतकी उष्णता सहज असते. आपल्या कुंडीत नसते.

कायद्यातही हेच आहे, फक्त बारीक अक्षरात. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनुसार कंपोस्टेबल पिशव्यांना जाडीची अट नाही, पण उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं आणि माल आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात बसायला हवा. त्या मानकामागची मुख्य चाचणी अशी: ५८ अंशांच्या आसपास ठेवलेल्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांच्या आत पदार्थातल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेला पाहिजे. म्हणजे 'कंपोस्टेबल' हा शब्द अर्धाच आहे. पूर्ण वाक्य असं: अमुक तापमानाला, अमुक दिवसांत. नुसत्या 'बायोडिग्रेडेबल'ला तर तेवढाही आधार नाही.

आणि 'मक्यापासून' या शब्दाचं काय? कशापासून केलं आणि शेवटी कुठे जाणार, हे दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत. ब्राझीलमध्ये ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन करते. उसापासून केलेलं असलं तरी ते पॉलिथिनच, मातीत पेट्रोलवाल्या पॉलिथिनइतकंच टिकणार. उलट बऱ्याच कंपोस्टेबल पिशव्यांमध्ये स्टार्चबरोबर पीबीएटी नावाचं पॉलिमर असतं, ते सहसा पेट्रोलियमपासून येतं, आणि योग्य परिस्थितीत कुजतं. जन्मदाखल्यावरून मृत्यूचा दाखला काढता येत नाही.

मग शेवटची मोजणी केली. लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन पंधरा दिवस रोज संध्याकाळी आमच्या खड्ड्यांमध्ये खुपसला. पावसाळ्याच्या तोंडावर, भरलेल्या खड्ड्याच्या मधोमध, जास्तीत जास्त ४५-४६ अंश. ५८ जवळपासही नाही. छोट्या खड्ड्यात उष्णता टिकत नाही, त्यात खड्ड्याचा काही दोष नाही.

याच पंधरा दिवसांत सुका कचरा न्यायला येणाऱ्या ताईंशी बोलणं झालं. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासूनची, आणि २००८ मध्ये त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला लागली. दारोदार हिंडून गोळा केलेल्या सुक्या मालातून जे विकलं जातं, तो कचरावेचकांच्या कमाईचा भाग असतो. मी ताईंना नमुन्याची पिशवी दाखवली. त्यांनी हातात चुरगाळली, कानाशी नेली, ताणून बघितली. "ही आमच्या काही कामाची नाही दादा. भंगारवाला घेत नाही. आणि चुकून चांगल्या मालात गेली तर तो अख्ख्या पोत्याचाच भाव पाडतो." मी इतके वीकेंड घातले, त्यांना दहा सेकंद लागले. पॉलिथिन आणि ही पिशवी माझ्या डोळ्यांना सारखी दिसत होती, आणि पोत्यात ती सारखीच दिसणार होती. सोसायटीतल्या सगळ्या घरांना अशा पिशव्या वाटल्या असत्या, तर काही ओल्या कचऱ्याऐवजी सुक्यात जाणारच. तो तोटा आमच्या मेंटेनन्सच्या हिशेबात कुठेच दिसला नसता, ताईंच्या दिवसाच्या कमाईत दिसला असता.

जुलैच्या मीटिंगला लॅपटॉप नेला नाही. दोन धुतलेल्या पट्ट्या, एक केसीनचं बटण आणि तापमानाचा कागद नेला. विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागितलं होतं, ते आलं नव्हतं. पण मी हेही सांगितलं की ते आलं असतं तरी आपला खड्डा ५८ अंशांना पोचत नाही, त्यामुळे आपल्याकडे निकाल तोच. काका म्हणाले, "अरे, मग या पिशव्या फसव्याच म्हणायच्या का?" नाही. इटलीत मिलान शहराने २०१४ पर्यंत सगळ्या घरांचा ओला कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली, तोही कंपोस्टेबल पिशव्यांमधून. तिथे पिशवीच्या मागे गाड्या आहेत, प्रकल्प आहे, प्रमाणित पिशवीच घ्यायची शिस्त आहे. पिशवी त्या सगळ्या साखळीचा एक भाग आहे. नुसती पिशवी विकत घेऊन साखळी येत नाही.

थोडी वादावादी झाली, बादली कोण धुणार हा प्रश्न तीन वेळा येऊन गेला. शेवटी ठरलं की पिशव्या घ्यायच्या नाहीत. बादलीत वर्तमानपत्राची घडी घालायची, ती कचऱ्याबरोबर खड्ड्यात. जे पैसे वाचले त्यातून ताईंसाठी सुक्या कचऱ्याची वर्गवारी करायला गेटजवळ पत्र्याची शेड आणि एक टेबल. चार घरं अजून नाराज आहेत. त्यातलं एक माझ्या सख्ख्या शेजाऱ्यांचं आहे, त्यामुळे लिफ्टमध्ये सध्या हवापाण्याच्याच गप्पा चालतात.

तुमच्या सोसायटीत असं माहितीपत्रक आलं तर तीन प्रश्न विचारा. कुठल्या मानकाखाली आणि प्रमाणपत्र कुठे आहे? किती तापमानाला, किती दिवसांत? आणि आपल्याकडे तेवढं तापमान आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विक्रेता देऊ शकत नाही, ते आपल्यालाच मोजावं लागतं. थर्मामीटर काही महाग नसतो.

आणि एखाद्या रविवारी वेळ असेल तर कॉर्नफ्लोअरची फिल्म नक्की करून बघा. पावसाळा सोडून. वाळली की नळाखाली धरा, आणि मग विचार करा की तुम्हाला पिशवीकडून नेमकं काय हवंय.